बेळगावलाही शुक्रवार असतो : मराठी सिनेमावाल्यांना खुलं पत्र

मंडळी, नमस्कार.

मराठी पिक्चर काढणारे, ते गावोगावी देणारे डिस्ट्रिब्युटर, आणि कुठल्या शहरात किती शो लावायचे हे ठरवणारे तुम्ही सगळे, मुंबईत असा की पुण्यात की कोल्हापुरात, हे पत्र तुम्हाला आहे. मागणी आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पुढचं वाचायला नको. तुमचा पिक्चर ज्या शुक्रवारी पुण्या-मुंबईत लागतो त्याच शुक्रवारी तो बेळगावला लावा, जमलं तर खानापूर आणि निपाणीलाही लावा, आणि सकाळचा एकच शो देऊन मोकळे होऊ नका, संध्याकाळचा द्या. बाकी जे खाली लिहिलंय ते एवढ्यासाठी, की हे मागणारी बाई कोण आणि ती कुठल्या जोरावर मागते हे तुम्हाला कळावं.

मी लालबागला वाढले. वडील मूळचे खानापूर तालुक्यातले, गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागांवर, होते, आणि आई खाणावळ चालवायची. आमच्या चाळीतली एकच खोली, त्यात आम्ही घरचे माणसं आणि वर जेवायला येणारे बोर्डर, सगळे आमच्याच बाजूचे, बेळगाव, चंदगड, आजरा, गडहिंग्लज इकडचे. ही माणसं राहायची गावाच्या गाळ्यात, म्हणजे एका गावच्या लोकांनी मिळून घेतलेली खोली, तिथं प्रत्येकाची एक ट्रंक आणि झोपायला पाळीप्रमाणे जागा. एक कामावर गेला की त्याच्या जागेवर दुसरा आडवा. ज्यांनी हे बघितलं नाही त्यांना वाटेल अतिशयोक्ती करते, पण लालबाग-परळची निम्मी गिरणी याच पद्धतीनं झोपायची.

आणि या माणसांना घरदार, बायकापोरं सगळं गावाला, त्यामुळं त्यांची करमणूक म्हणजे भजन, नाटक आणि पिक्चर. चालत जाण्यासारखी थेटरं किती होती बघा, भारतमाता, जयहिंद, गणेश टॉकीज, जरा पुढं गेलं की हिंदमाता, आणि दादरला पोचलं की चित्रा, शारदा, कोहिनूर, प्लाझा. आमच्यासाठी मुख्य भारतमाता. मराठी पिक्चर आणि परवडणारं तिकीट, गिरणीवाल्याला अजून काय पाहिजे. सगळ्या भागाचं घड्याळ गिरणीच्या भोंग्यावर चालायचं आणि थेटरंही त्याच घड्याळावर चालायची, हे मला तेव्हा कळत नव्हतं पण आता कळतं. पहिली पाळी साडेतीनला सुटली की माणूस आंघोळ करून, जेवून सहाच्या शोला मोकळा. दुसऱ्या पाळीवाला बाराचा मॅटिनी बघून तसाच गेटवर जायचा. तिसऱ्या पाळीवाला दिवसा झोप काढून सहाचा शो बघून रात्री कामावर. कुठल्याही पाळीचा असो, त्याला बसेल असा एक शो असायचाच. हे पुढं परत लागणार आहे म्हणून सविस्तर सांगितलं.

रविवारी दुपारी खाणावळीत मटण असायचं आणि रविवारी रात्री खाणावळ बंद. म्हणजे आईला आठवड्यातली तीच एक संध्याकाळ मोकळी. मग काय, दुपारची पंगत तशीच्या तशी संध्याकाळी थेटरात. तिकिटं काढायचं काम आईचं आणि माझं, कारण बायकांची लाईन वेगळी असायची आणि छोटी असायची, पुरुषांची पार रस्त्यावर गेलेली. एकाला मोजकीच तिकिटं द्यायचे म्हणून आई एकदा खिडकीशी, मी तिच्या मागं एकदा, परत शेजारच्या मावशी, असं करून सगळ्या बोर्डरांची तिकिटं निघायची आणि बाहेर ब्लॅकवाला आमच्याकडं रागानं बघत उभा असायचा. बोर्डर लोक सुट्टे पैसे मोजून आधीच आईकडं द्यायचे, कुणी दिले कुणी नाही ते आईच्या डोक्यात पक्कं असायचं, वही लागायची नाही.

आई थेटरात रिकाम्या हातानं कधीच बसली नाही. सोमवारच्या भाजीचे पावटे पिशवीतनं घेऊन यायची आणि अंधारात सोलायची. डोळे पडद्यावर, बोटं शेंगेवर, टरफलं पदरात आणि दाणे मांडीवरच्या पितळी डब्यात. दाणा डब्यात पडला की टण्ण वाजायचा, मग तळ झाकला की आवाज बंद व्हायचा. पुढच्या रांगेतला कोणी वळून बघितलं तर आमचा एखादा बोर्डर म्हणायचा, "उद्याचं जेवण हाय, वाजू दे." इंटरव्हल झाली की लाईटमध्ये ती एकदा डब्यात हात फिरवून किडका दाणा काढून टाकायची आणि परत चालू. पण सुलोचनाबाई पडद्यावर आल्या आणि काही दुःखाचं सुरू झालं की आईचे हात थांबायचे. तेवढ्या वेळात पावटे तसेच.

आणि तेव्हाच चिकोडीकडचा एक बोर्डर होता तो हमखास शेजारच्याला कोपरानं ढोसायचा, "आमच्या खडकलाटची." दर वेळी. दर पिक्चरला. सगळ्यांना पाठ झालेलं, तरी तो सांगायचा आणि तरी सगळे मान हलवायचे. सुलोचना लाटकर, जन्म १९२८, गाव खडकलाट, तालुका चिकोडी, जिल्हा बेळगाव. तिथून कोल्हापूरला गेल्या, भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओत घडल्या, मराठीत आणि हिंदीत मिळून शेकडो पिक्चर केले, पद्मश्री झाल्या, महाराष्ट्र भूषण झाल्या. ४ जून २०२३ ला त्या गेल्या तेव्हा तुम्ही सगळ्यांनी त्यांच्याबद्दल भरभरून लिहिलं, मी सगळं वाचलं, मनापासून लिहिलेलं होतं. फक्त त्यातल्या कुणाच्या मनात आलं का, की ज्या जिल्ह्यात ही बाई जन्मली तिथल्या लोकांना आज मराठी पिक्चर बघायचा तर कितीदा सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडून कोल्हापूर गाठावं लागतं?

गणपतीत तर पिक्चर रस्त्यावरच यायचा. दोन चाळींच्या मध्ये पांढरा पडदा बांधायचे, मशीन ठेवायचे, आणि रस्ताभर सतरंज्या. पुढच्या बाजूला जागा मिळाली नाही तर पडद्याच्या पाठीमागं बसायचं, तिथनंही दिसायचं पण उलटं. नावं उलटी, आणि हिरो डाव्या हातानं तलवार चालवायचा. आम्ही पोरं मुद्दाम पाठीमागं बसायचो कारण तिथं मोठी माणसं नसायची. तिथं बसून जे बघितलंय ते आजही डोळ्यासमोर तसंच डावखुरं येतं.

दादा कोंडके हा आमच्या भागाचा अभिमान होता, नायगावच्या चाळीत, गिरणीवाल्यांच्या घरात वाढलेला माणूस. १९७१ ला त्यांचा 'सोंगाड्या' आला तेव्हा दादरच्या थेटरात एका हिंदी पिक्चरसाठी तो काढायला निघाले होते, मग बाळासाहेब ठाकरेंनी आणि शिवसैनिकांनी ते होऊ दिलं नाही, पिक्चर राहिला आणि चालला किती हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पुढं त्यांच्या सलग नऊ पिक्चरनी रौप्यमहोत्सव केला. मी तेव्हा लहान होते, पण चाळीत त्यावर किती दिवस बोलणं चाललं होतं ते आठवतं. मी हे तुम्हाला का सांगते, तर मुंबईत, मराठी माणसांच्या ऐन वस्तीत, मराठी पिक्चरला थेटर मिळायला एवढं झगडावं लागलं. तुमच्यातले जुने लोक ते सोसूनच मोठे झालेत. मग थेटर न मिळणं म्हणजे काय हे तुम्हाला आम्ही वेगळं सांगायला नको ना?

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. साठेक गिरण्या, अडीच लाख कामगार. पहिले काही महिने सगळे जोशात होते, डॉक्टर दत्ता सामंतांच्या सभा, मोर्चे, आज मिटेल उद्या मिटेल. मग हळूहळू बोर्डर गावाला जायला लागले. जाताना प्रत्येक जण आईला म्हणायचा, संप मिटला की येतो, वहीत मांडून ठेवा. इतके दिवस आईला वही लागली नव्हती, त्या वर्षी लागली. त्या वहीतले पैसे आईनं कधी कुणाला मागितले नाहीत आणि संप तर कधी मिटलाच नाही, असंच म्हणायचं. रविवारी संध्याकाळी भारतमाताला बायकांच्या लाईनीत आम्ही उभं राहायचो ते बंद झालं. पुढं वडिलांनी खोली सोडली, आणि माझं लग्न बेळगावला वडगावात झालं. म्हणजे आजोळ-वडिलांचं गाव या बाजूला म्हणून सोयरीक या बाजूला.

आता बेळगावचं सांगते. आले तेव्हा मी नवीन, घरात माग, दिवसभर खटखट खटखट, मला गिरणीची सवय म्हणून काही वाटलं नाही, उलट बरं वाटलं. बेळगावला थेटरांची काही कमी नव्हती. कॅम्पात ग्लोब, मग चित्रा, प्रकाश, अरुण, हंस, निर्मल, नर्तकी, स्वरूप, बालकृष्ण. हिंदी, कन्नड, मराठी तिन्ही लागायचे. तरुण भारतमध्ये थेटरांच्या जाहिराती यायच्या, आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, रविवारचा पेपर आधी तिथं उघडायचे. पण मराठी पिक्चर यायचा तो उशिरा. पुण्याला लागला, कोल्हापूरला लागला, सांगली-मिरज झालं, मग आमचा नंबर, आणि तोपर्यंत त्याची पार रया गेलेली. पडद्यावर पाऊस पडल्यासारख्या उभ्या रेघा, मध्येच गाण्याचं एक कडवं गायब, आणि तुटलं की पब्लिक शिट्ट्या मारायचं.

ते का, हेही नंतर एका थेटरात मशीन चालवणाऱ्या माणसानं आमच्या मालकांना समजावून सांगितलेलं. एका पिक्चरची एक प्रिंट म्हणजे कितीतरी रिळं, पत्र्याच्या पेट्यांत भरलेली, ती काढायलाच मोठा खर्च, आणि मराठी निर्मात्याला मोजक्याच प्रिंटा परवडायच्या. त्या एका गावात चालून झाल्या की एसटीनं दुसऱ्या गावाला. आम्ही त्या रांगेत शेवटी. तेव्हा पटण्यासारखं होतं आणि आम्ही कुणालाच बोल लावला नाही. उशिरा का होईना, येतोय ना, बघू की.

खेड्यात जत्रेला तंबू टॉकीज यायची तीही सांगते. सासरच्या नात्यात येळ्ळूरकडं जाणं व्हायचं, तिथं आणि आसपासच्या गावांत जत्रेत तंबू ठोकायचे, जमिनीवर बसायचं तिकीट वेगळं, खुर्चीचं वेगळं, आणि खेळ सुरू व्हायच्या आधी भोंग्यावर गाणी लावून अख्ख्या शिवाराला आमंत्रण. तिथं मराठी पिक्चर असला की गाडीवाटेनं कंदील घेऊन माणसं यायची. शेतकरी माणूस, दिवसभर राबलेला, दोन-दोन मैल चालत येऊन जमिनीवर बसून बघायचा. त्याला तुम्ही आता सांगणार का, की बाबा तू आमचा प्रेक्षक नाहीस?

आमच्या शेजारी एक कन्नड बोलणाऱ्या अक्का राहायच्या. त्यांना मराठी समजायचं पण सगळं नाही, मला कन्नड सुरुवातीला काहीच नाही. आमचा ठरावच झाला. कन्नडमधल्या राजकुमारचा पिक्चर लागला की त्या मला घेऊन जाणार आणि कानात सांगणार, मराठी लागला की मी त्यांना. दुपारच्या शोला दोघी. "काय वो वैनी, आज हाय न्हवं?" अशी गॅलरीतनं हाक यायची. मला आज जेवढं कन्नड येतं तेवढं त्या अंधारात आलेलं आहे. मधेमधे वातावरण तापायचं, ते बेळगावात राहणाऱ्याला नवीन नाही. १९८६ च्या जूनमध्ये कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात गोळीबार झाला, माणसं गेली, ते दिवस आम्ही दार लावून काढलेत. सीमेवर काही झालं की आजही पहिला दगड पोस्टरवर पडतो. इकडं मराठी पोस्टर फाटतं, तिकडं कोल्हापूरला कन्नड पिक्चरचा शो बंद पडतो, आणि दोन्हीकडं घरी बसते ती तिकीट काढून बघणारी साधी माणसं. अक्का आणि मी दोघींनी हे खूपदा बोललोय. त्या आता हुबळीला मुलाकडं असतात, फोन करतात आणि विचारतात, काय बघितलं नवीन?

मी काय सांगू त्यांना.

आता मुद्द्यावर येते. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. त्याच्या आधी आम्ही मुंबई राज्यात होतो. राज्यं बदलली, पण तुमच्या धंद्यात मात्र बदललं नाही, हे मला त्याच धंद्यातल्या लोकांकडनं कळलं आणि मी चाट पडले. फिल्म वितरणात देशाचे जे भाग पाडलेत त्यात बेळगाव, हुबळी, धारवाड ही सगळी बाजू जुन्या मुंबई इलाख्याप्रमाणं मुंबई सर्किटमध्येच धरतात. म्हणजे तुमच्याच वहीत आम्ही तुमच्यात आहोत! हिंदी पिक्चरवाल्यांना हे बरोबर माहीत आहे, त्यांचा पिक्चर शुक्रवारी इथं हजर असतो. मग मराठी पिक्चरलाच सीमेअलीकडचं कागल ओलांडायला एवढं जड का जातं?

प्रिंटचा खर्च म्हणावा तर तो आता राहिला नाही. पेट्या गेल्या, रिळं गेली. आता पिक्चर सॅटेलाइटवरनं नाहीतर हार्ड डिस्कवर येतो, थेटरच्या सर्व्हरवर उतरतो, आणि ठरलेल्या शोसाठी कुलूप उघडायची डिजिटल किल्ली पाठवतात. पुण्याच्या थेटरात जो पिक्चर दिसतो तोच तसाच्या तसा त्याच मिनिटाला बेळगावच्या थेटरात दिसू शकतो, एकही रेघ न पडता. आमच्या नशिबी जुनी प्रिंट यायची ते कारण संपलं, तेव्हा आमचे दिवस चांगले यायला पाहिजे होते, आणि झालं उलटं, तेव्हा उशिरा यायचा तो आता कितीदा येतच नाही. आला तर एक शो, तोही सकाळी साडेनऊ-दहाला नाहीतर भर दुपारी, शुक्रवार-शनिवार-रविवार, आणि सोमवारी काढला. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत "संपूर्ण महाराष्ट्रात". प्रमोशनला तुमचे हिरो-हिरॉईन येतात ते कोल्हापूरपर्यंत, अंबाबाईचं दर्शन घेतात, तांबडा-पांढरा खातात आणि मागं फिरतात. तिथनं बेळगाव शंभर-सव्वाशे किलोमीटर आहे, सरळ हायवे आहे, येऊन बघा तरी.

महाराष्ट्रात २०१५ साली सरकारनं मल्टिप्लेक्सना सांगितलं की मराठी पिक्चरला प्राइम टाइम द्या. तिथं किती पाळलं जातं तो तुमचा विषय, पण तिथं निदान कायद्याचा आधार मागायला जागा आहे. इथं आमच्यासाठी असं कोणी सांगणार नाही, ते राज्यच वेगळं. म्हणून आम्हाला फक्त तुम्हीच उरता. थेटरवाल्यांशी बोलणारे तुम्ही, अटी घालणारे तुम्ही. थेटरवाला म्हणतो वरनं आला नाही, डिस्ट्रिब्युटर म्हणतो तिथं प्रेक्षक नाही. सकाळी साडेनऊला शो लावून प्रेक्षक मोजणार असाल तर कसा दिसेल वो प्रेक्षक? त्या वेळी उद्यमबागच्या फाउंड्रीत माणसं कामावर असतात, बायका घरकामात, पोरं शाळा-कॉलेजात. लालबागच्या थेटरवाल्यांना कळायचं की गिरणी कधी सुटते. तसं इथं पाळी कधी सुटते हे विचारा, गावाकडची शेवटची बस कधी आहे ते विचारा, आणि मग शो लावा. सहाचा शो लावला तर साडेआठ-नऊला सुटतो, उद्यमबागचा कामगार सुद्धा येतो आणि येळ्ळूर, मच्छे, अनगोळचं माणूस वेळेत घरीही पोचतं. रात्री दहाचा लावला तर बाईमाणूस कसं येणार?

प्रेक्षक नाही हे तर मी अजिबात मानत नाही. २०१६ ला 'सैराट' लागला तेव्हा मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, खेड्यांतनं टेम्पो भरून माणसं आली होती, आज्ज्या आल्या होत्या ज्या किती वर्षांत थेटरात गेल्या नव्हत्या, लहान पोरं खांद्यावर, आणि गाणी लागल्यावर पोरं खुर्च्या सोडून पुढं जाऊन नाचायला लागली. शेजारी बसलेल्या बाईनं मला न विचारता चिवड्याची पुडी पुढं केली. लालबागनंतर इतक्या वर्षांनी मला थेटरात आपल्या माणसांत बसल्यासारखं वाटलं. ही सगळी माणसं कुठं गेली नाहीत, इथंच आहेत. २०११ च्या जनगणनेला नुसत्या शहराची वस्ती पाच लाखांच्या घरात होती, भोवतीची गावं वेगळी. जुनी थेटरं एकेक करून बंद झाली हे खरं, पण मल्टिप्लेक्स आहेत, पडदे आहेत, एसी आहे, पार्किंग आहे. पिक्चर तेवढा पाहिजे.

आणि एक गोष्ट आहे ती मला सगळ्यात जास्त टोचते. माझी नात इंग्लिश मीडियमला आहे, शाळेत दुसरी भाषा कन्नड. ती चांगलं कन्नड वाचते, मला त्याचा आनंद आहे. मराठी तिला बोलता येतं, घरातलं, जेवलीस का, कुठं होतीस, एवढ्यापुरतं. मराठी वाचायला घेतलं की अडखळते. अशी पोरं इथं घरोघर आहेत, कुणी त्यांना दोष देऊ नये, मराठी शाळांची काय अवस्था आहे ते सगळ्यांना माहीत आहे. या पोरांना चांगलं, भरदार, वेगवेगळ्या तऱ्हेचं मराठी कुठं ऐकायला मिळणार? विदर्भातलं, कोकणातलं, मालवणी, कोल्हापुरी, मुंबईचं? पुस्तक ती वाचणार नाही, पण पिक्चर ती बघेल, मैत्रिणी घेऊन बघेल, त्यातले डायलॉग घरात मारेल. माझं स्वतःचं असंच झालं, चाळीतल्या मराठीपलीकडचं मराठी मला भारतमातात बसून आलं. मोबाईलवर दोन महिन्यांनी येतो म्हणता, येतो, पण तो ती एकटी कानात घालून अर्धा बघते आणि सोडून देते. अडीच तास आज्जी, आई आणि नात एका रांगेत बसून एकच गोष्ट बघतात आणि घरी येईपर्यंत त्यावर भांडतात, ते मोबाईलवर होत नाही.

अजून एक मागते, यावर तुम्ही कदाचित विचार केला नसेल. इथं जो पिक्चर पाठवाल त्याला खाली कन्नड सबटायटल द्या. इंग्लिश देताच तुम्ही, तसं कन्नड. इथं कन्नड बोलणारी हजारो माणसं आहेत ज्यांना मराठी अर्धं समजतं, आवडतं, जशी आमची अक्का. ती माणसं तिकीट काढून येतील. माझी नातही काही शब्द त्या खालच्या ओळीवरनं पकडेल. आणि जो पिक्चर खाली कन्नड अक्षरं घेऊन येतो त्याचं पोस्टर फाडायला जरा तरी हात अडखळेल असं मला वाटतं. कन्नडवाले त्यांचे मोठे पिक्चर पाच-पाच भाषांत काढून देशभर लावतात आणि आपण मराठी माणसं ते आवडीनं बघतो. त्यांच्याकडनं एवढं घ्यायला काय हरकत आहे?

म्हणजे फार काही नाही. पुढच्या ज्या पिक्चरची तारीख तुम्ही ठरवताय, त्याची थेटरांची यादी काढाल तेव्हा कोल्हापूरच्या खाली पेन थांबवू नका. संध्याकाळी सहाचा एक शो, निदान एक पूर्ण आठवडा, सोमवारी काढू नका कारण इथं पिक्चरची बातमी तोंडातोंडी पसरते आणि त्याला चार दिवस लागतात. प्रमोशनची गाडी कोल्हापूरहून पुढं काढा, निपाणीला थांबा, मग बेळगावला या, कुणा एका मोठ्या माणसाच्या बंगल्यावर नको, एखाद्या गल्लीत या, वडगावात या, आमचे महिला मंडळवाले तुमच्या स्वागताला असतील आणि कुंदा खाल्ल्याशिवाय सोडणार नाहीत. आणि पोस्टरवर "संपूर्ण महाराष्ट्रात" छापाल त्याच्या खाली त्याच टायपात छापा, बेळगाव, खानापूर, निपाणी.

आपली,
लालबागची लेक, बेळगावची सून
वडगाव, बेळगाव